पारव्यांचे दाणे, इंदुमतीचा झाडू

मंडळी, टाळ जरा थांबवा. आणि पेटीवाले, तुम्ही आधी वर बघा. दिसला? झुंबराच्या साखळीवर बसलाय तो पारवा. काल ऐन रंगात आलो होतो, डोळे मिटलेले, हात वर — आणि वरून प्रसाद मिळाला! थेट पागोट्यावर! हसा, हसा. पागोटं धुतलं कुणी, हे मात्र तुमच्यातल्या एकानंही विचारलं नाही.

आता एक सांगा. भुकेल्या पाखराला दाणा घालणं पुण्य की पाप? — पुण्य! वा. सगळे एका सुरात. भजनात इतका सूर जुळत नाही तुमचा! मग पुढचं सांगा. ते पुण्य कुणाचं? ज्याच्या मुठीतून दाणा सुटला त्याचं? की दाण्यामागून जे जे आलं, ते ज्याला निस्तरावं लागलं त्याचं?

आता कसे गप्प झालात! असू द्या. उत्तर मला नको, ते आख्यानच देईल.

कल्याणात एक जोडपं राहत होतं. भालचंद्र म्हापणकर आणि त्यांची बायको इंदुमती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, रस्त्याकडे एक मोठी खिडकी, खिडकीला बाहेर काढलेलं ग्रिल, ग्रिलमध्ये तुळस आणि गवती चहा. म्हापणकर एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर होते. तीस वर्षं माइकवर बोलले. 'जुन्नरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे.' आवाज असा, की झोपलेला प्रवासी दचकून उठायचा आणि चुकून जुन्नरला जायचा! घरात मीठ मागायचे तेही त्याच सुरात. इंदुमती म्हणायची, "अहो, मी फलाटावर नाही, ओट्यापाशी आहे."

त्यांना एकच मुलगा, निशिकांत. सव्वीस वर्षांचा, नोकरीला लागलेला. कावीळ झाली. आज बरं वाटेल, उद्या वाटेल, करता करता अकराव्या दिवशी गेला.

मंडळी, मूल गेलं की आईबाप कसे राहतात, हे मी सांगू नये. या सभामंडपात ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

दहाव्या दिवशी तलावाच्या घाटावर पिंड मांडला. बायका घाटावर जात नाहीत म्हणतात. इंदुमती गेली. एकुलत्या एका मुलाच्या आईला कोण अडवणार? पिंड ठेवला, सगळे मागे सरले, आणि वाट बघायला लागले कावळ्याची.

कावळा येईना. तारेवर दोन बसले होते, पण खाली उतरायला त्यांना जागा कुठे होती? त्या घाटावर येणारा-जाणारा चणे टाकतो, मका टाकतो. सगळा घाट पारव्यांनी भरलेला. मूळचे हे कड्याकपारीतले पक्षी. आपण सातमजली, दहामजली कडे उभे केले, त्यांना वाटलं आपल्यासाठीच! त्यात दोन वेळचं जेवण. कोण जातंय परत डोंगरात?

मग नेहमीचं सुरू झालं. मुलाची इच्छा काय राहिली असेल? मामा म्हणाला, "निशू, तुझ्या मित्रांना कळवू हो सगळं." कावळा हलेना. आत्या म्हणाली, "तुझी ट्रेकिंगची पिशवी जपून ठेवू." कावळा ढिम्म. शेवटी म्हापणकर पुढे झाले. हात जोडले. तो फलाटावरचा आवाज पार गेला होता. म्हणाले, "निशू, आईची काळजी करू नकोस. तिला मी जपेन."

आणि मंडळी, त्याच घडीला फडफड झाली! कावळा नव्हे. पारव्यांचा अख्खा थवा उतरला, आणि शेपटीत एक पांढरं पीस असलेला पारवा सगळ्यांच्या पुढे येऊन पिंडाला शिवला.

सगळ्यांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींच्या मागे आणखी तीन पिंड मांडून तीन घरची माणसं उभी होती. ते म्हणाले, "शिवलं. पाखरू ते पाखरू. उचला आता." दोष देत नाही त्यांना. घाईत माणूस काहीतरी बोलून जातो. पण ऐकणाऱ्याचं काळीज फाटलेलं असलं ना, की ते बोलणं थेट आत जाऊन बसतं.

पुढचे दोन महिने म्हापणकर बोलले नाहीत. एक शब्द नाही. इंदुमती ताट वाढायची, ते जेवायचे. इंदुमती हाक मारायची, ते बघायचे. मुलगा गेला, आणि नवरा घरात असून घरात नाही. भिंतीशी तरी किती बोलणार? ती न्हाणीघरात नळ सोडून रडून घ्यायची.

मग एक दिवस सकाळी खिडकीत गुटर्रघूं, गुटर्रघूं. म्हापणकर उठले, जवळ गेले. तुळशीच्या कुंडीवर पारवा बसलेला, आणि शेपटीत पांढरं पीस! आता पांढऱ्या पिसाचे पारवे कल्याणात शंभर असतील. पण हे बापाला कोण सांगणार? त्याला ओळख पटली. तो वळला आणि म्हणाला, "इंदू, घरात ज्वारी आहे का गं?"

दोन महिन्यांनी पहिला शब्द. इंदुमतीच्या हातातून डबा निसटला, ज्वारी घरभर झाली. ती खाली बसून गोळा करत होती आणि रडत होती. मनात म्हणाली, देवा, एक कशाला, शंभर येऊ देत.

मंडळी, देवाकडे मागताना जरा जपून मागावं. शंभर आले!

आधी मूठभर ज्वारी, मग वाटीभर, मग पातेलंभर. सकाळी सातला म्हापणकर खिडकीत उभे. तो स्टँडवरचा आवाज परत आलेला. "या, या! सगळ्यांनी रांगेत या!" आणि त्या पांढऱ्या पिसाच्या पारव्याला मात्र हळूच, "निशू, जेवलास का रे?" शेजारी वैतागले. खालच्या मजल्यावर कुणाचे कपडे खराब, कुणाचे वाळवणाचे पापड गेले. सोसायटीचे सेक्रेटरी परुळेकर कागद घेऊन आले. म्हापणकर म्हणाले, "परुळेकर, तुमच्या मुलाला जेवू घालू नका म्हणून मी कधी तुमच्याकडे कागद आणला का?" परुळेकर कागद खिशात घालून जिना उतरले.

पण मंडळी, शंभर पाहुणे जेवले तर उष्टं कोण काढणार?

इंदुमती. नवरा दाणे टाकून आंघोळीला गेला, की ही झाडू घेऊन ग्रिलपाशी. कुंड्यांवर, गजांवर, खिडकीच्या चौकटीवर विष्ठेचा थर. पिसं, मातीसारखी वाळलेली भुकटी. खराटा मारला की धूर उठल्यासारखं सगळं नाकातोंडात. रोज सकाळी, तीन वर्षं. पाहुणेरावळे आले की म्हणायचे, "म्हापणकर, तुम्ही मोठं पुण्य करताय." ती चहा घेऊन बाहेर यायची आणि हसायची.

आणि एक दिवस ती खोकली.

आता बाईमाणूस खोकली तर घरात कोण घाबरतं? अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं. पाऊस संपला की जाईल, थंडी संपली की जाईल. ऋतू गेले, खोकला राहिला. जिन्याच्या पहिल्या वळणावर धाप लागायला लागली. भाजीची पिशवी ती दोनदा टेकवायची, आणि कुणी वरून उतरलं तर पदर नीट करतेय असं दाखवायची. गल्लीतल्या डॉक्टरांनी शेवटी मोठ्या इस्पितळात पाठवलं.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या. फोटो बघितले, परत बघितले. म्हापणकर बाहेर औषधाच्या रांगेत होते. बाईंनी विचारलं, "इंदुताई, घरात कबुतरं आहेत? खिडकीत बसतात? तुम्ही त्यांची घाण साफ करता?"

इंदुमती म्हणाली, "का हो?"

"कारण हा आजार बहुतेक त्यानंच झालाय. त्या धुळीनं फुप्फुसं आतून कडक होतात. जेवढी झाली तेवढी मऊ होत नाहीत परत. पण धूळ आज थांबली, तर पुढचं बरंचसं थांबवता येईल. आहेत का कबुतरं?"

मंडळी, विचार करा. समोर उत्तर आहे. एक 'हो' म्हणायचं. एका 'हो'नं या बाईचा श्वास वाचतोय. आणि त्याच 'हो'नं बाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा मुलगा दुसऱ्यांदा जातोय.

ती म्हणाली, "नाही हो. आमच्याकडे नाहीत."

बाईंनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. आयुष्यात खोटं न बोललेली बाई. बोलली तेही स्वतःच्या जिवावर उठून.

घरी आली. दुसऱ्या दिवशी तिनं नाकाला पदर बांधला, झाडू ठेवून ओलं फडकं घेतलं. आपल्यापरीनं करत होती. म्हापणकरांना दिसत होतं की बायको खंगतेय. वेडे नव्हते ते, माया होती त्यांची. काय करावं म्हणता? त्यांनी नवस केला! "इंदू, तुझ्या नावानं आजपासून दुप्पट दाणे. मुक्या जीवांचा आशीर्वाद लागतो गं." खिडकीत शंभराचे दोनशे झाले. आणि इंदुमती त्या दोनशे पाखरांच्या पंखांच्या वाऱ्यात उभी राहून म्हणाली, "बरं."

काय म्हणावं या 'बरं'ला? आपल्या घरातून असे किती 'बरं' रोज निघतात, आणि आपण त्यांना होकार समजून पुढे जातो.

चार महिन्यांनी पुन्हा इस्पितळात गेले. यावेळी म्हापणकर आत होते, कारण तिला आता धरून आणावं लागत होतं. डॉक्टरीणबाई तपासायला उठल्या आणि थांबल्या. इंदुमतीच्या स्वेटरला मागे, तिला दिसणार नाही अशा जागी, एक पीस चिकटलेलं होतं. त्यांनी ते काढलं. "हे कसलं?"

इंदुमतीनं मान खाली घातली. आणि म्हापणकर? त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "आमच्या पारव्यांचं. रोज दोनशे जेवतात माझ्याकडे. हिच्याच नावानं घालतो, हिला बरं वाटावं म्हणून."

बाईंनी पीस टेबलावर ठेवलं. मग शांतपणे, एकेक शब्द तोडून, त्यांनी सगळं सांगितलं. धुळीचं सांगितलं, फुप्फुसांचं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मी यांना दोनदा विचारलं होतं. या नाही म्हणाल्या."

म्हापणकर बायकोकडे बघत राहिले. तीस वर्षं हजारो माणसांना वेळेवर गाडी दाखवणारा माणूस, त्याला स्वतःच्या घरातलं काही दिसलं नव्हतं.

रिक्षानं घरी आले. खुर्चीत टेकल्यावर त्यांनी विचारलं, "का सांगितलं नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्ही बोलायला लागला होतात."

एवढंच. तुम्ही बोलायला लागला होतात.

मंडळी, दुसऱ्या दिवशीची सकाळ. सात वाजले. ग्रिलवर दोनशे पाखरं. म्हापणकर खिडकीच्या काचेमागे उभे, हात रिकामे. पांढऱ्या पिसाचा पारवा काचेवर चोच मारतोय. टक, टक, टक. बापाला ऐकू काय येत असेल? 'बाबा, भूक.' त्यांचा हात दोनदा डब्याकडे गेला. आत इंदुमती खोकली. हात थांबला.

तेव्हा त्यांना घाटावरचं स्वतःचं बोलणं आठवलं. मुलाला वचन काय दिलं होतं? पाखरं जपेन? नाही! 'आईला जपेन.' मुलानं मागितली ती आई, आणि बापानं जपली शेपटीतली पिसं. भिंतीला टेकून ते खाली बसले. निशू गेल्यापासून पहिल्यांदा, बायकोच्या देखत, तोंड न झाकता रडले.

जाळी लावणाऱ्या माणसाला बोलावलं. तो आला, कुंड्या हलवल्या, आणि म्हणाला, "काका, मागे घरटं आहे. दोन पिल्लं आहेत, पिसं नुकती फुटलेली. पंधरा दिवसांत उडतील. मी पंधरवड्यानं येतो, पाप नको."

पाप नको! बघा कसा पेच टाकला परमेश्वरानं. पंधरा दिवसांचाच तर प्रश्न. इंदुमती आतून म्हणाली, "थांबा ना पंधरा दिवस. इतकी वर्षं गेली." आणि हे ज्याला आपलं पोर म्हणत होते, त्याचीच पिल्लं ती. नातवंडं म्हणा ना!

म्हापणकर म्हणाले, "नाही. आज लाव."

स्वतःच्या हातांनी त्यांनी पिल्लं टोपलीत ठेवली, टोपली गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत नेली. पाखरं येतील, भरवतील, या आशेनं दिवसातून सहा वेळा जिना चढले. पाखरं आली नाहीत. भिजवलेली डाळ चोचीत घालून बघितली. तिसऱ्या दिवशी दोन्ही पिल्लं गेली. त्यांनी ती सोसायटीच्या कंपाउंडमध्ये पेरूखाली पुरली. परुळेकर सेक्रेटरी खिडकीतून बघत होते. खाली आले, त्यांच्याजवळ उभे राहिले, आणि फावडं हातातून घेतलं.

तुम्ही विचाराल, बुवा, पाखरांचा काय दोष? काहीच नाही! त्यांना कुणी बोलावलं? आपण. कुणी सवय लावली? आपण. हौस आपली, दुःख आपलं, आणि मरण त्या दोन पिल्लांचं. म्हणून म्हणतो, रानातल्या जिवाला पाहुणा करताना दहादा विचार करावा. त्याला त्याचं पोट भरता येतं. आपल्यालाच आपलं रितेपण भरता येत नाही.

आता वाटत असेल, इंदुमती बरी झाली. मलाही तसंच सांगायला आवडलं असतं. पण डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या ते खरं होतं. कडक झालेलं मऊ होत नाही. घरात प्राणवायूचं यंत्र आलं, नाकाला नळी आली. पुढे ती चौदा महिने जगली.

ते चौदा महिने म्हापणकरांनी तिला तळहातावर ठेवलं. केर काढला, भात लावला, तिची वेणी घातली. पहिली वेणी इतकी वाकडी, की ती नाकात नळी असूनही हसली आणि हसता हसता धाप लागली. आणि दोघं निशूबद्दल बोलायला लागले. कधी बोललेच नव्हते हो! तो लहानपणी कुठे पडला, कुठल्या बाईंना घाबरायचा, आईला न सांगता बापाला काय सांगायचा. तिला माहीत नसलेला मुलगा तिला त्यांच्याकडून मिळाला, त्यांना माहीत नसलेला तिच्याकडून. जो पाखरांत शोधला, तो घरात, बाजूच्या खुर्चीत, इतके दिवस वाट बघत बसला होता.

शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचं ऊन खिडकीच्या जाळीतून आत आलेलं. म्हापणकर तिचे पाय चेपत होते. म्हणाले, "इंदू, मला माफ केलंस का गं?"

ती म्हणाली, "दाणे टाकल्याचा राग नव्हताच मला कधी."

"मग?"

तिला एकेका शब्दाला श्वास घ्यावा लागत होता. म्हणाली, "तुम्ही खिडकीत उभे असायचात. मी मागे झाडू घेऊन. रोज वाटायचं... एकदा तरी मागे वळून बघाल."

म्हापणकर तिचे पाय चेपत राहिले. त्या रविवारी ती गेली.

मंडळी, कथा संपली. सुरुवातीला विचारलं होतं, पुण्य कुणाचं? अजूनही ओरडून सांगता येईल कुणाला? म्हापणकर वाईट नव्हते. तुमच्या-माझ्यासारखे होते. आपल्या सगळ्यांचं तोंड खिडकीकडे असतं. कुणाचं देवाकडे, कुणाचं समाजकार्याकडे, कुणाचं मेलेल्या माणसाकडे. माझंही! बुवा गावोगाव भूतदया सांगत फिरतात, आणि पागोटं कोण धुतं, कोण वाळवतं? चाळीस वर्षं झाली, माझ्या बायकोला समोर बसवून ऐकवलेलं एकही कीर्तन मला आठवत नाही.

आत्ता आरती होईल. मग महाप्रसाद. तीनशे पानं बसतील. दुपारी बारापासून स्वयंपाकघरात धुरात उभ्या असलेल्या बायका तिकडे मागच्या दाराशी येऊन थांबल्यात. उभ्या उभ्या शेवट ऐकताहेत. आणि त्यांच्याही मागे ती झाडूवाली मावशी आहे. तुम्ही जेवून 'काय पुण्याचं काम झालं' म्हणत घरी गेल्यावर हा मंडप ती झाडणार आहे. तुमच्यातल्या कितीजणांना तिचं नाव ठाऊक आहे? मला नाही.

तेव्हा कापूर थांबेल जरा, देव काही पळून जात नाही. टाळ खाली ठेवा. देवाकडची तोंडं फिरवा.

आणि एकदा मागे वळून बघा.